रुग्णालयाच्या सांडपाण्यातली औषधे : यूव्ही, ओझोन, आरओ की कार्बन?

प्रश्न लातूरहून आला आहे. दीडशे खाटांच्या रुग्णालयाची देखभाल पाहणारे एक अभियंते लिहितात, की त्यांच्याकडे रोजच्या ८० हजार लिटर क्षमतेचा एमबीबीआर पद्धतीचा (प्लॅस्टिकच्या माध्यमावर जिवाणू वाढवणारा) एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे, बीओडी (सेंद्रिय घाण पचवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत राहतो, शुद्ध केलेले पाणी बागेला आणि फ्लशला जाते आणि उरलेले पाणी शेजारचा शेतकरी घास आणि कडवळासाठी नेतो. आता एका पुरवठादाराने सांगितले आहे, की या पाण्यात औषधांचे अंश राहतात आणि यूव्ही (अतिनील किरण), ओझोन वायू व आरओ (सूक्ष्म पडद्यातून पाणी गाळणे) अशी तिहेरी यंत्रणा बसवली, तर त्यातले ९९ टक्के निघून जातील. व्यवस्थापनाला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत : याची खरोखर गरज आहे का, आणि असेल तर या तिघांपैकी काय घ्यावे.

मी छत्रपती संभाजीनगरात राहतो आणि वाळूजपासून नांदेडपर्यंतच्या पट्ट्यात कारखान्यांचे व रुग्णालयांचे सांडपाणी प्रकल्प उभारण्याचे आणि चालवण्याचे काम करतो. पुरवठादाराच्या म्हणण्यातला पहिला भाग बरोबर आहे, औषधांचे अंश राहतात. दुसऱ्या भागात मात्र कोणती औषधे, किती काळ आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे तिन्ही प्रश्न गाळलेले आहेत. आणि खर्चाचा सगळा हिशेब नेमका त्याच तीन प्रश्नांवर ठरतो.

बीओडी चांगला येतो म्हणजे पाण्यात औषधे नाहीत, असा अर्थ का निघत नाही, ते आधी पाहू. बीओडी आणि सीओडी (त्याच घाणीचे रासायनिक माप) आपण लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतो. औषधे, संप्रेरके, जंतुनाशके यांचे अंश नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम प्रति लिटर या पातळीवर असतात. बीओडी १० असलेल्या पाण्यात लिटरमागे एक मायक्रोग्रॅम कार्बामाझेपिन (अपस्माराचे औषध) असले, तर ते त्या दहाचा दहा हजारावा भाग झाले. ती चाचणी त्याला पाहूच शकत नाही. शिवाय जिवाणू सगळ्या औषधांना सारखे वागवत नाहीत. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन नीट चालणाऱ्या एसटीपीत नव्वद टक्क्यांहून अधिक मोडतात. वेदनाशामक डायक्लोफेनॅक थोडेफार कमी होते. कार्बामाझेपिन जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके पाण्यातून कमी झालेली दिसतात, पण त्यांचा बराचसा भाग मोडलेला नसतो, तो गाळाला चिकटून बसलेला असतो. त्यामुळे रुग्णालयाचा गाळ वाळवून बागेत खत म्हणून टाकण्याची पद्धत तुमच्याकडे असेल, तर ती आजच बंद करावी.

‘एवढ्याशा अंशाने काय होते’ असे व्यवस्थापन विचारेल. त्याचे उत्तर आपल्या भूगोलात आहे. युरोपात प्रक्रिया केलेले पाणी बहुधा वाहत्या नदीत मिसळते आणि तिथे ते विरळ होते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर काही महिन्यांतच नाल्यात दुसरे पाणीच उरत नाही. जे वाहते ते सांडपाणीच असते, तेच विहिरींत मुरते आणि तेच मोटारीने उचलले जाते. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पाणी विरळ होईल या भरवशावर राहता येत नाही. दुसरे उदाहरण याच खोऱ्याचे आहे. मांजरा नदी पुढे तेलंगणात जाते आणि तिथे पाटणचेरूच्या औद्योगिक पट्ट्यातले ओढे तिला मिळतात. त्या पट्ट्यातल्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहून हे प्रमाण जास्त आहे. तुमच्या रुग्णालयाची पातळी याच्या आसपासही नसेल, तो औषधनिर्मितीचा प्रश्न होता. पण नेहमीच्या प्रक्रियेतून प्रतिजैविके सुटू शकतात, हे त्यातून निर्विवादपणे दिसले.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण हे न विचारता दर देणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नये. पाणी शेवटी कुठे जाते? तुमच्याकडे कर्करोग विभाग किंवा सीटी स्कॅन आहे का? पाणी नळाचे आहे की बोअरचे आणि त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) उन्हाळ्यात किती चढतो? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रात्रपाळीला प्रकल्पावर कोण असतो? यांतल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही दिले आहे. बाकीच्या तिघांची उत्तरे सर्वसाधारण रुग्णालयाला लागू होतील अशी धरून पुढे लिहितो.

कोणतीही नवी टाकी बसवण्यापूर्वी चालू असलेली जैविक प्रक्रिया तपासा. एमबीबीआर ही तुमच्यासाठी जमेची बाजू आहे. प्लॅस्टिकच्या माध्यमावर धरलेल्या जिवाणूंच्या थरात हळू वाढणारे जिवाणू टिकून राहतात आणि डायक्लोफेनॅकसारखी चिवट औषधे मोडण्यात हा थर नुसत्या तरंगत्या गाळापेक्षा सरस ठरल्याचे अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडची उष्ण हवाही त्यांना मानवते. पण हे जिवाणू नाजूक असतात. प्रयोगशाळेतले हायपोक्लोराइट, शस्त्रक्रियागृहाच्या फरशा धुतलेले जंतुनाशक, एंडोस्कोपीचे ग्लुटारल्डिहाइड एकदम टाकीत आले, की अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू सर्वांत आधी मान टाकतात. बीओडी तरीही १० च्या आत राहतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. वीज वाचवण्यासाठी रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे यंत्र) बंद ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, तिचाही परिणाम हाच होतो : अमोनियाचे रूपांतर नायट्राइटवरच अडते. बाहेर पडणाऱ्या पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट साध्या किटवर आठवडाभर रोज सकाळी मोजा. हा आकडा पुढे ओझोनच्या हिशेबात फार महत्त्वाचा ठरणार आहे.

यूव्हीचा विषय लवकर संपतो. निर्जंतुकीकरणासाठी विकल्या जाणाऱ्या दिव्याची मात्रा साधारण ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर असते. औषधाचा रेणू तोडायचा, तर हायड्रोजन पेरॉक्साइड सोबत घालून कित्येक शे मिलिज्यूल, काही वेळा हजाराच्या वर मात्रा लागते. दरपत्रकात एकच दिवा लिहून दोन्ही कामांचा दावा केलेला असेल, तर मात्रेचा आकडा लेखी मागा.

आरओने बहुतेक औषधे अडतात, यात वाद नाही. पण अडतात म्हणजे नाहीशी होत नाहीत. ८० हजार लिटरपैकी ७० टक्के पाणी शुद्ध मिळाले, तर रोज २४ हजार लिटर रिजेक्ट (पडद्याने मागे ठेवलेले दाट पाणी) उरते. मूळ पाण्याचा टीडीएस १२०० असेल, तर रिजेक्टचा ४ हजारांच्या घरात जातो आणि औषधेही त्यात तिपटीहून जास्त दाट होतात. किनाऱ्यावरच्या शहरांकडे निदान समुद्र असतो. आपण हे पाणी कुठे सोडणार? बाष्पीभवन यंत्र बसवायचे, तर इंधनाचा खर्च रुग्णालयाला पेलणारा नाही, आणि ते नाल्यात सोडायचे असेल, तर आरओ बसवण्याचे कारणच उरत नाही. बागेसाठी आणि फ्लशसाठी आरओ घेऊ नका, असे मी स्पष्ट सांगतो. बॉयलर किंवा कूलिंग टॉवरला हे पाणी द्यायचे असेल, तेव्हा वेगळा विचार करता येईल.

ओझोनचे मात्र नीट समजून घेतले पाहिजे, कारण तंत्र म्हणून ते उत्तम आहे. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक मोठ्या प्रकल्पांना सूक्ष्म प्रदूषकांपैकी ठरावीक निदर्शक पदार्थ ८० टक्के काढण्याचे बंधन घातले आणि तिथे ओझोन आणि सक्रिय कार्बन हेच दोन मार्ग रूढ झाले आहेत. डायक्लोफेनॅक, कार्बामाझेपिन आणि प्रतिजैविक सल्फामेथॉक्साझोल यांच्यावर ओझोन झपाट्याने काम करतो. सीटी स्कॅनसाठी रुग्णाला टोचली जाणारी आयोडीनयुक्त द्रव्ये त्याला फारशी दाद देत नाहीत आणि पीएफएएस गटातली (निसर्गात सहजी न मोडणारी) रसायने तर अजिबात नाही. मात्रा ठरते ती पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनवर : ग्रॅमभर कार्बनमागे साधारण ०.५ ते ०.७ ग्रॅम ओझोन. तुमच्या पाण्यात असा कार्बन लिटरमागे ८ मिलिग्रॅम धरला, तर ०.६ च्या हिशेबाने ४.८ मिलिग्रॅम ओझोन लागेल, म्हणजे ८० हजार लिटरला दिवसाकाठी ३८४ ग्रॅम. प्रकल्प वीस तास चालला तर ताशी १९ ग्रॅम.

आता नायट्राइट यात धरा. नायट्राइटच्या रूपातला एक मिलिग्रॅम नायट्रोजन ३.४ मिलिग्रॅम ओझोन खातो, आणि तोही औषधांच्या आधी. तुमच्या पाण्यात असा २ मिलिग्रॅम नायट्रोजन असेल, तर जवळजवळ ७ मिलिग्रॅम ओझोन त्यातच संपतो. औषधांसाठी लागणाऱ्या पूर्ण मात्रेपेक्षा हे जास्त आहे. यंत्र गुणगुणत राहते, वास येतो, वीज जळते आणि कार्बामाझेपिन होते तिथेच राहते. ब्लोअरच्या वेळापत्रकाबद्दल मी आधी इतके लिहिले ते यासाठीच. शिवाय ओझोन रेणू तोडतो, पण बहुधा पूर्ण संपवत नाही, तुकडे उरतात. ते पचवायला मागे जैविक वाळू फिल्टर किंवा कार्बन हवाच. खाऱ्या बोअरच्या पाण्यात ब्रोमाइड असेल, तर ब्रोमेट हे घातक द्रव्य तयार होते, त्याचीही आधी चाचणी करावी लागते. वायुगळतीचा सेन्सर, उरलेला ओझोन नष्ट करणारे उपकरण, ऑक्सिजन काँसन्ट्रेटर, हे सगळे दरपत्रकात नसेल, तर ते दरपत्रक अपुरे आहे. मोठ्या महापालिकेच्या प्रकल्पाला, जिथे चोवीस तास अभियंता असतो, मी ओझोनची शिफारस करीन. ८० हजार लिटरच्या रुग्णालयाला करणार नाही.

उरला दाणेदार सक्रिय कार्बन, म्हणजे आपल्या बारीक छिद्रांत द्रव्ये धरून ठेवणारा कोळसा, आणि तुमच्यासाठी माझी निवड हीच आहे. यावर लगेच उत्तर येईल, की कार्बन फिल्टर तर आमच्याकडे आधीपासून आहे. आहे, पण तो या कामाचा नाही. तयार एसटीपीसोबत येणारे भांडे पाहा : साधारण ६०० मिलिमीटर व्यास, आत मीटरभर कार्बन. ताशी ४ हजार लिटर पाणी त्यातून गेले, तर पाण्याला कार्बनचा सहवास मिळतो जेमतेम चार मिनिटे. त्यात रंग आणि वास जातो, औषधे फारशी जात नाहीत. त्याहून मोठी चूक जोडणीत असते. पुष्कळ ठिकाणी हायपोक्लोराइटचा डोस फिल्टरच्या आधीच्या टाकीत दिला जातो. मग कार्बनचा पहिला उद्योग क्लोरीन मारण्याचा होतो, त्याचा पृष्ठभाग त्यात खर्ची पडतो आणि पलीकडे निघणारे पाणी निर्जंतुकही राहत नाही. डोसिंग पंपाची नळी कार्बनच्या पुढे, शेवटच्या टाकीवर हलवणे, हे काम प्लंबर अर्ध्या दिवसात करतो. त्याला कोणतेही दरपत्रक लागत नाही.

औषधांसाठी सहवास किमान वीस मिनिटांचा धरावा. ताशी ४ हजार लिटरला त्याचे १.३३ घनमीटर कार्बन होते, वजनात सुमारे ६०० ते ६५० किलो. एकाच भांड्यात सगळा न भरता ८०० मिलिमीटर व्यासाची दोन भांडी एकापाठोपाठ जोडा, प्रत्येकात साधारण १.३ मीटर उंचीचा थर. पहिले भांडे थकले, की त्यातला कार्बन बदलायचा आणि व्हॉल्व्ह फिरवून दुसऱ्याला पहिले करायचे. यासाठी उलटसुलट जोडणीचे पाइप सुरुवातीलाच टाकून घ्या, नंतर ते कोणी टाकत नाही. कार्बन घेताना विक्रेता आयोडीन नंबर (कार्बनच्या शोषणशक्तीचे माप) दाखवेल. तो हवाच, पण पुरेसा नाही. नारळाच्या करवंटीच्या कार्बनची छिद्रे फार बारीक असतात, सांडपाण्यातल्या सेंद्रिय द्रव्याने ती लवकर बुजतात. या कामाला दगडी कोळशापासून केलेला कार्बन बहुधा जास्त टिकतो. शक्य असेल, तर दोन्हींचे नमुने तुमच्याच पाण्यावर महिनाभर लहान नळकांड्यांत चालवून पाहा आणि मग ठरवा.

कार्बन कधी थकला हे ओळखण्यासाठी दर वेळी महागडी औषध चाचणी करावी लागत नाही. नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून २५४ नॅनोमीटरला त्याचे यूव्ही शोषण मोजा, कार्बनच्या आधीचे आणि नंतरचे. साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर हे होते आणि रसायन लागत नाही. कार्बन नवा असताना दोन्हींत मोठा फरक दिसतो, पुढे तो घटत जातो. सेंद्रिय द्रव्य आधी निसटते आणि कार्बामाझेपिनसारखी चांगली चिकटणारी औषधे नंतर, त्यामुळे हा आकडा वेळेपूर्वी इशारा देतो. नियोजनासाठी सुरुवातीला कार्बनच्या आकारमानाच्या दहा हजार पट पाणी धरा. तुमच्याकडे ते साडेपाच महिन्यांत होईल. त्यानंतर तुमच्या स्वतःच्या नोंदी काय सांगतात त्याप्रमाणे मुदत वाढवा किंवा घटवा. थकलेला कार्बन भट्टीत पुन्हा सक्रिय करणाऱ्याकडे जावा किंवा २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे त्याची विल्हेवाट लागावी; तो आवारातल्या खड्ड्यात जाता कामा नये.

कार्बनच्याही मर्यादा आहेत. सीटी स्कॅनची आयोडीनयुक्त द्रव्ये आणि मधुमेहाचे मेटफॉर्मिन त्याला नीट चिकटत नाहीत. सल्फामेथॉक्साझोलही तुलनेने लवकर निसटते. म्हणजे काही गोष्टी टाकीत येण्यापूर्वीच थांबवाव्या लागतात, आणि रुग्णालयात ते कारखान्यापेक्षा सोपे आहे. मुदत संपलेली औषधे आणि अर्धवट उरलेल्या प्रतिजैविकांच्या कुप्या सिंकमध्ये ओतल्या जातात का, हे वॉर्डात जाऊन स्वतः पाहा. परिचारिकांना विचारले तर त्या खरे सांगतात, कारण ओतू नये हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे टाकाऊ औषधांची जागा पिवळ्या वर्गात आहे, आणि कर्करोगाची मुदतबाह्य पेशीनाशक औषधे उत्पादकाकडे परत किंवा १२०० अंशांवरच्या भस्मीकरणासाठी गेली पाहिजेत. सीटी स्कॅन झालेल्या रुग्णाच्या लघवीतून ते द्रव्य एका दिवसात जवळपास सगळे बाहेर येते. जर्मनीत अशा रुग्णांना लघवी गोळा करण्याच्या पिशव्या देऊन पाहिल्या आहेत. आपल्याकडे बाह्यरुग्ण घरी निघून जातो, त्यामुळे हा उपाय दाखल रुग्णांपुरताच चालेल.

चाचणीबद्दल एक सूचना. सगळी यादी तपासण्याच्या फंदात पडू नका. कार्बामाझेपिन, डायक्लोफेनॅक, सल्फामेथॉक्साझोल आणि सीटी असेल तर त्याचे आयोडीनयुक्त द्रव्य आयोहेक्सॉल, एवढे पुरे. चारही वेगवेगळ्या स्वभावाचे आहेत. नमुना एका वेळचा नको, चोवीस तास थोडा थोडा घेऊन एकत्र केलेला हवा, कारण सकाळच्या फेरीनंतरचे पाणी आणि मध्यरात्रीचे पाणी यांचा काही मेळ नसतो. त्यासाठी लागणारी एलसी-एमएस-एमएस यंत्रे (अतिसूक्ष्म अंश ओळखणारी) द्राक्षनिर्यातीसाठी कीडनाशकांचे अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळांत असतात. मात्र सांडपाण्यासाठी त्यांची पद्धत प्रमाणित आहे का, ते आधी विचारा. एक चाचणी कार्बन बसवण्यापूर्वी, एक बसवल्यानंतर, आणि पुढे वर्षातून एकदा, तीही उन्हाळ्यात. पुरवठादाराच्या ‘९९ टक्के’ची पारख याच चाचणीने करावी आणि शेवटचा हप्ता तिच्या निकालाशी बांधावा.

कायद्याच्या दृष्टीने आज तुमच्यावर औषधांच्या अंशांची मर्यादा नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बीओडी, सीओडी, घन पदार्थ हेच येते. औषधनिर्मिती कारखान्यांसाठी प्रतिजैविकांच्या मर्यादा केंद्राच्या जानेवारी २०२० च्या मसुद्यात होत्या, ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या राहिल्या नाहीत. युरोपीय संघाचा नवा नागरी सांडपाणी निर्देश जानेवारी २०२५ मध्ये अमलात आला. तिथे मोठ्या प्रकल्पांना सूक्ष्म प्रदूषके काढण्यासाठी २०४५ पर्यंत मुदत आहे आणि त्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के वाटा औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांवर टाकला आहे. आपल्याकडे तसे कधी होईल यावर अंदाज बांधण्यात अर्थ नाही. व्यवस्थापनाला मात्र सांगा, की कार्बनचा खर्च मंडळाच्या भीतीने करायचा नसून शेजारच्या शिवाराकडे पाहून करायचा आहे.

आणि त्या शेतकऱ्याबद्दल. घासाला आणि कडवळाला पाणी देणे चालू ठेवायला माझी हरकत नाही. तिथे औषधांच्या अंशांपेक्षा जंतूंचा प्रश्न मोठा आहे, म्हणून शेवटचे निर्जंतुकीकरण एक दिवसही चुकता कामा नये आणि कापणीपूर्वी काही दिवस पाणी तोडलेले बरे. पालेभाज्यांना मात्र हे पाणी देऊ नका. कार्बामाझेपिन मुळांतून पाण्यासोबत चढते आणि पानांत साठते. इस्राएलमध्ये पुनर्वापराच्या पाण्यावर वाढलेल्या भाज्या खाणाऱ्यांच्या लघवीत ते आढळल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले आहे. उन्हाळ्यात मेथी-कोथिंबिरीला भाव चढला, की तो हेच पाणी तिकडे वळवील, त्यात त्याचा दोषही नाही. तेव्हा पाणी कोणत्या पिकाला चालेल हे त्याच्याशी आत्ताच बोलून घ्या, कागदावर लिहून द्या आणि त्याच्या विहिरीच्या काठाला साठवण हौद बांधू देऊ नका.